भिंतीतली ओल आणि इन्फ्रारेड कॅमेरा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोसायटीच्या इमारतीत छताला ओल आली की पहिला संशय वरच्या घराच्या बाथरूमवर जातो आणि पहिला उपाय म्हणून तिथल्या टाइल्स फोडल्या जातात. पुष्कळदा तो संशय बरोबरही ठरतो. मात्र जिथे तो चुकतो तिथे फुटलेली फरशी, दोन घरांतली कटुता आणि पुढच्या महिन्यात पुन्हा उमटलेला तोच डाग एवढेच पदरी पडते. आमची छोटी संस्था ठाणे, डोंबिवली आणि कल्याण परिसरात इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या, म्हणजेच थर्मल कॅमेऱ्याच्या, साहाय्याने इमारतींमधील छुपी गळती शोधण्याचे काम करते. हा कॅमेरा काय दाखवतो, कुठे फसवतो आणि हातोडा उचलण्यापूर्वी पाण्याचा उगम कसा निश्चित करता येतो, हे ग्राहकांना काम सोपवण्याआधीच माहीत असावे अशी आमची इच्छा आहे.

कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही

हा कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहतो, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकत असते. वर्णपटातील लाल रंगाच्या पलीकडे ठेवलेल्या तापमापकाचा पारा चढतो, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये दाखवून दिले, तेव्हापासून हे किरण शास्त्राला ठाऊक आहेत. इमारतींच्या तपासणीसाठी वापरले जाणारे कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण टिपतात आणि त्यांवरून भिंतीच्या पृष्ठभागाचे, म्हणजे अगदी वरच्या रंगाच्या थराचे, तापमान रंगीत चित्राच्या रूपात मांडतात. भिंतीच्या आत काय आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही. आत जे घडते त्याचा परिणाम पृष्ठभागाच्या तापमानावर झाला असेल, तरच तो चित्रात उमटतो.

ओल्या भिंतीवर असा परिणाम दोन कारणांनी होतो. पहिले कारण बाष्पीभवनाचे आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० जूल उष्णता खर्ची पडते आणि ती त्या भिंतीतूनच घेतली जाते, त्यामुळे मातीचा माठ जसा पाझरून गार राहतो तसा ओलसर गिलावा भोवतालच्या कोरड्या गिलाव्यापेक्षा गार राहतो. हा फरक कधी दोन-तीन अंशांचा, तर कधी जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो. दुसरे कारण असे, की वजनास वजन घेतले तर पाणी काँक्रीटच्या सुमारे चौपट उष्णता साठवते. म्हणून उन्हात तापलेल्या गच्चीचा पाणी मुरलेला भाग सूर्यास्तानंतर कोरड्या भागाच्या मानाने सावकाश निवतो आणि चित्रात काही काळ उबदार दिसतो. एकच ओल खोलीत गार आणि गच्चीवर गरम दिसू शकते, हे ध्यानात न घेता चित्र वाचले तर निष्कर्ष अगदी उलटा निघतो.

चित्रातील रंगांविषयी

चित्रातले निळे, जांभळे आणि पिवळे रंग भिंतीचे नसून यंत्राने तापमानाला दिलेले असतात. कॅमेरा समोरच्या दृश्यातील सर्वांत गार आणि सर्वांत उष्ण बिंदूंमध्ये आपले सगळे रंग आपोआप वाटून टाकतो. त्यामुळे पूर्ण खोलीत केवळ एका अंशाचा फरक असला, तरी चित्र पाहणाऱ्याला मोठा गडद डाग पसरल्याचा भास होतो. चित्राच्या कडेला तापमानाची पट्टी असल्याशिवाय त्या डागाला काहीही अर्थ नाही. कोणत्याही संस्थेकडून अहवाल घेतलात तरी प्रत्येक चित्रासोबत ही पट्टी, तपासणीची वेळ, खोलीचे तापमान आणि हवेतील आर्द्रता या नोंदी अवश्य मागाव्यात.

आम्ही वापरतो तो कॅमेरा ३२० × २४० बिंदूंचा आहे आणि एकाच चित्रातील दोन ठिकाणांमधला ०.०५ अंश सेल्सिअसपर्यंतचा फरक तो ओळखू शकतो. प्रत्यक्ष तापमानाच्या आकड्यात मात्र दोन अंशांपर्यंत चूक संभवते. गळती शोधताना भिंतीचे तापमान २६ अंश आहे की २७, याला फारसे महत्त्व नसते. शेजारच्या कोरड्या भागाशी असलेला फरक आणि त्या फरकाचा आकार यांवरूनच काही बोलता येते. उंच इमारतीची बाहेरची भिंत जमिनीवरून पाहताना अंतरही मोजावे लागते, कारण २४ अंशांच्या भिंगातून वीस मीटरवर चित्रातील एक बिंदू भिंतीचा सुमारे अडीच सेंटीमीटर भाग व्यापतो. केसाएवढी भेग तेवढ्या अंतरावरून दिसणार नाही. तिच्याखाली मुरलेल्या पाण्याचा पट्टा दिसू शकेल.

चित्रात गार दिसणारी प्रत्येक जागा ओली नसते. विटांच्या भिंतीतून जाणारा आरसीसी बीम किंवा कॉलम वेगळ्या गतीने तापतो आणि निवतो, त्यामुळे तो सरळ कडांच्या पट्ट्यासारखा उठून दिसतो. शेजारच्या खोलीतील एसी, पूर्वी केलेल्या दुरुस्तीतील जाड गिलावा किंवा भिंतीला टेकलेले कपाट नुकतेच हलवलेले असणे, या सगळ्यांच्या खुणा उमटतात. चकचकीत ऑइल पेंटवर आणि गुळगुळीत टाइल्सवर तपासणाऱ्याच्या शरीराची उष्णता परावर्तित होते. एसीच्या तांब्याच्या नळीवरील आवरण फाटले असेल, तर तेथे हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते ठिबकते आणि ती नळगळती वाटते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना २६ अंशांच्या आसपास किंवा त्याहून गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरू लागते, हे लक्षात घेतले तर कोकणपट्टीत असे का होते ते कळेल. म्हणूनच गार दिसलेल्या प्रत्येक जागी आम्ही ओलावा मोजणारे मीटर लावतो आणि कॅमेरा व मीटर यांचे एकमत झाल्याशिवाय त्या जागेला ओल म्हणत नाही.

उगम कसा शोधतो

डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असे नाही. पाणी स्लॅबमधील भेगांतून, बीमच्या कडेने आणि विजेच्या वायरींसाठी टाकलेल्या पाइपांमधून बरेच दूर जाऊन बाहेर पडते. एका इमारतीत पाचव्या मजल्यावरील शयनगृहात पंख्याच्या हुकाभोवती ओल आली होती, आणि वरच्या घरात त्या जागी बाथरूम नव्हतेच; ते बोळापलीकडे होते. छताच्या चित्रात हुकापासून निघालेला चार बोटे रुंदीचा, भोवतालपेक्षा अंशभर गार असा एक पट्टा दिसला. स्लॅबमधील वायरिंगच्या पाइपाचा मार्गही तोच होता. मीटरनेही पट्ट्यावर ओल दाखवली आणि दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर कोरडे दाखवले. पट्टा वरच्या बाथरूमच्या भिंतीखाली जाऊन संपत होता. त्या बाथरूमचा न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतले पाणी वाहून जाण्याची जागा, बंद करून चोवीस तास पाणी कोंडून ठेवले, तरी पट्ट्यात काही बदल झाला नाही. म्हणजे फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगला दोष देण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर गिझरचे गरम पाणी वीस मिनिटे सोडून भिंतीकडे पाहिले, तेव्हा आतल्या गरम पाण्याच्या नळीची रेघ स्पष्ट उमटली आणि एका एल्बोपाशी, म्हणजे नळीच्या वळणावरच्या जोडापाशी, ती रेघ फुटून ताटलीएवढा उबदार डाग पसरू लागला. तेवढ्याच दोन टाइल्स काढून तो जोड बदलण्यात आला. बाकीचे बाथरूम जसेच्या तसे राहिले.

या उदाहरणातील क्रमच आमच्या कामाचा गाभा आहे. कॅमेरा संशयाची जागा दाखवतो. उगम ठरतो तो एकेक शक्यता स्वतंत्रपणे तपासून. पुरवठ्याच्या नळीत सतत दाब असतो, त्यामुळे तिची गळती घर बंद असतानाही चालूच राहते. टाकीपासून दर दहा मीटर खाली हा दाब सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर वाढतो, आणि म्हणून तोच कच्चा जोड सातव्या मजल्यावर केवळ घाम फुटल्यासारखा पाझरतो, तर दुसऱ्या मजल्यावर धार धरतो. सांडपाण्याच्या नळीची किंवा न्हाणी ट्रॅपची ओल वापरानंतर वाढते आणि घर आठवडाभर बंद ठेवले की ओसरू लागते. बाहेरच्या भिंतीतील भेगा, छज्जाचा सांधा, गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यातील उखडलेला वाटा (सिमेंटची गोलाई) यांतून येणारे पाणी पावसाशी बांधलेले असते, पण जाड कोब्यात (गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थरात) मुरलेले पाणी पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस उतरत राहते, ही गोष्ट रहिवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडील डाग केव्हा वाढतो आणि केव्हा कमी होतो याची पंधरा दिवसांची साधी नोंद आपण ठेवलीत, तर तिचा उपयोग आम्हाला कोणत्याही चित्राइतकाच होतो.

पंख्याच्या, दिव्याच्या किंवा स्विचच्या जागी ओल दिसली, तर आमची वाट न पाहता त्या भागाचा एमसीबी बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवल्याखेरीज तो पुन्हा चालू करू नये.

ऋतू आणि वेळ

थंड देशांतील मार्गदर्शनानुसार घराच्या आतील आणि बाहेरील तापमानात दहा अंशांच्या आसपास फरक असताना तपासणी करावी, असे सुचवले जाते. मुंबई-ठाण्याच्या हवेत असा फरक फार क्वचित मिळतो, त्यामुळे तो आम्हाला निर्माण करावा लागतो. जुलैमध्ये हवेत एवढे बाष्प असते की ओल्या भिंतीवरून बाष्पीभवन जवळपास थांबते आणि टपकणारे छतही चित्रात सपाट दिसू शकते. अशा वेळी खिडक्या लावून दोन तास एसी चालवला किंवा पंख्याचा झोत भिंतीवर सोडला, की ओलसर भाग वेगळा दिसू लागतो. गच्चीची तपासणी स्वच्छ उन्हाच्या दिवशी, सूर्यास्तानंतर एक ते तीन तासांत करणे चांगले. गच्चीवर पाणी साचलेले असू नये. चायना मोझॅकच्या गुळगुळीत तुकड्यांत रात्रीच्या गार आकाशाचे प्रतिबिंब पडते, म्हणून अशा गच्चीचे चित्र आम्ही एकाहून अधिक कोनांतून घेतो आणि तरीही त्यावर थोडा कमीच विश्वास ठेवतो. गच्चीसाठी फेब्रुवारी ते मे हा काळ सर्वांत योग्य आहे, कारण दुरुस्तीलाही पावसाआधी वेळ मिळतो.

संकन स्लॅबच्या, म्हणजे बाथरूमखाली खोलगट ठेवून भराव घातलेल्या स्लॅबच्या, बाबतीत कॅमेऱ्याची मर्यादा स्पष्टपणे सांगायला हवी. बाथरूमच्या फरशीखाली वीस ते तीस सेंटीमीटर भराव असेल, तर तळाशी साचलेल्या पाण्याचा परिणाम वरच्या टाइलपर्यंत बहुधा पोहोचत नाही. ते पाणी खालच्या घराच्या छतावरूनच दिसते. त्यामुळे वरचे आणि खालचे अशी दोन्ही घरे एकाच दिवशी उघडी मिळाल्याखेरीज आम्ही अशी तपासणी स्वीकारत नाही. शेजाऱ्यांशी बोलणे अवघड झाले असेल, तर सोसायटीच्या सचिवांमार्फत वेळ ठरवून घ्यावी.

आम्ही येण्यापूर्वी

तपासायच्या भिंतींपासून कपाटे आणि पलंग आदल्या रात्रीच दोन फूट पुढे ओढून ठेवावेत, म्हणजे भिंत खोलीच्या तापमानाला येते. संशयित बाथरूमचा वापर आमच्या येण्याआधी चार-पाच तास टाळावा. कोरडे चित्र आधी मिळाले तरच पाणी सोडल्यानंतर झालेला बदल ओळखता येतो. डाग झाकण्यासाठी नवा रंग किंवा पुट्टी लावू नये. पोपडे, लोणा (भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार) आणि बुरशी जशी आहे तशीच राहू द्यावी, कारण क्षारांच्या रेषेवरून पाणी कुठवर चढले होते ते समजते. फॉल्स सीलिंग असल्यास त्याचे एखादे पॅनेल उघडण्याची परवानगी लागेल. जुना प्लंबिंगचा नकाशा किंवा बाथरूमच्या कामाच्या वेळी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे असतील, तर ती जरूर काढून ठेवावीत.

अहवाल आणि खर्चाची जबाबदारी

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाथरूम आणि शौचालयाच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सदस्याने, तर पावसाच्या पाण्यामुळे, गच्चीतून किंवा सामाईक नळांमधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते. उगम कोणता ठरतो यावर खर्च कोणाचा हे अवलंबून असल्याने आमच्या अहवालावर बरेच काही ठरते, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून अहवालात आम्ही प्रत्येक जागेचे साधे छायाचित्र आणि थर्मल चित्र शेजारी-शेजारी देतो, मीटरची नोंद देतो, कोणती चाचणी केल्यावर काय बदलले ते लिहितो आणि जिथे पुरावा अपुरा आहे तिथे तसे नमूद करतो. दोष कोणाचा, हे आम्ही लिहीत नाही. ज्यांनी तपासणीचे पैसे दिले त्यांच्या सोयीचा निष्कर्ष लिहून देण्याची विनंती झाली, तर ती आम्ही नाकारतो.

थर्मल तपासणी म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, नव्हे. काँक्रीट सुटून सळ्या उघड्या पडल्या असतील किंवा बीमला लांबट भेगा गेल्या असतील, तर गंजलेली सळी फुगून काँक्रीट फोडू लागली आहे असे समजावे आणि प्रथम स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

दुरुस्तीनंतर

गळती बंद झाली तरी भिंत लगेच वाळत नाही. गिलाव्यातील पाणी जायला कित्येक आठवडे लागतात आणि त्या काळात चित्रात डाग दिसतच राहतो, त्यामुळे दुरुस्ती फसली असा घाईचा निष्कर्ष काढू नये. दर आठवड्याला डाग आक्रसतो आहे आणि मीटरचा आकडा उतरतो आहे, एवढे पुरेसे आहे. दुरुस्तीनंतर साधारण सहा आठवड्यांनी आम्ही त्याच जागेचे पुन्हा चित्र घेतो आणि ही फेरी मूळ शुल्कातच धरलेली आहे. मीटरचा आकडा त्याच खोलीतील कोरड्या भिंतीच्या जवळ आल्यानंतरच पुट्टी आणि रंगाचे काम सुरू करावे.