निमोमुळे क्लाउनफिश संपले का?

निमो या क्लाउनफिशच्या पिल्लाची गोष्ट सांगणाऱ्या २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या ॲनिमेशनपटाला एक आरोप कायमचा चिकटलाय. सिनेमा सांगत होता की समुद्रातला मासा उचलून काचेच्या पेटीत कोंडू नका. तो पाहून घरी आलेल्या पोरांनी मात्र हट्ट धरला, ‘मला निमो हवा!’ मग म्हणे दुकानांत मागणी वाढली आणि प्रवाळांवरून क्लाउनफिश अक्षरशः ओरबाडले गेले. गोष्ट इतकी चपखल आहे की ती खरी आहे का, हे तपासायची बरीच वर्षं कुणाला गरजच वाटली नाही.

तपासू. पण आधी सिनेमा आपलं म्हणणं कसं मांडतो, ते पाहण्यासारखं आहे.

ग्रेट बॅरियर रीफवरचं एक पिल्लू बापाशी हुज्जत घालून उघड्या पाण्यात जातं आणि एक पाणबुड्या त्याला पकडतो. हे सगळं आपण पाहतो ते माशाच्या उंचीवरून. अंगावर येणारी मुखवट्याची भलीमोठी काच, कॅमेऱ्याचा डोळे दिपवणारा फ्लॅश, आणि मागे बोंब मारत राहिलेला बाप. पकडणारा सिडनीतला दंतवैद्य; त्याच्या मागे पडलेल्या मुखवट्यावरच्या पत्त्यावरून बाप पिल्लाला शोधत निघतो. तो दुष्ट नाहीच. उलट, प्रवाळावर मरायला टेकलेला मासा आपण वाचवून आणला, असं तो पेशंटला कौतुकानं सांगतो. सिनेमाची खरी ताकद मला या साध्या वाक्यात दिसते. प्रेक्षकाला खरं काय घडलं ते माहीत असतं, त्यामुळे समुद्र वाचवण्याबद्दल कुणी भाषण ठोकायची गरजच उरत नाही. फिशटँकमधले जुने मासे तर दात कोरणारी उपकरणं नावानिशी ओळखतात आणि रूट कॅनालचं धावतं समालोचन करतात. प्रसंग हसवतो, पण त्या पेटीत त्यांची किती वर्षं गेली असतील हे मुलालाही कळतं.

बनवणाऱ्यांनी अभ्यास चांगला केला होता. चमूतली मंडळी पाण्याखाली बुड्या मारून आली, माशांची हालचाल शिकवायला ॲडम समर्स हे जीवशास्त्रज्ञ होते. केल्प हे लांबलचक समुद्री शेवाळ थंड पाण्यातलं, ते उष्ण पाण्यातल्या प्रवाळावर दिसणार नाही, असं शास्त्रज्ञांनी सांगितल्यावर ते चित्रांतून काढून टाकलं गेलं.

एक गोष्ट मात्र जाणूनबुजून सोडली. समुद्रफूल (सी ॲनिमोन) या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या विषारी शुंडकांमध्ये राहणाऱ्या क्लाउनफिशच्या कुटुंबात सगळ्यात मोठी असते ती मादी. तिच्याखालोखाल तिचा जोडीदार नर, आणि मग ज्यांची अजून वाढ व्हायची आहे असे लहान मासे. मादी मेली की हा नरच मादी होतो आणि रांगेतला पुढचा मासा नराची जागा घेतो. म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीला बायको गमावलेला निमोचा बाप मार्लिन प्रत्यक्षात काही दिवसांनी निमोची आई व्हायला लागला असता! कौटुंबिक सिनेमात हे बसवणं अवघड होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसरीच. खरी पिल्लं बापाजवळ राहतच नाहीत. नर अंड्यांना पंखांनी वारा घालतो, खराब अंडी वेचून काढतो, हे खरं. पण आठवडाभरानं रात्री अंडी फुटली की पारदर्शक पिल्लं मोकळ्या समुद्रात जातात आणि दहा-बारा दिवस वाहत राहून मग एखादं समुद्रफूल शोधतात. मार्लिन ज्यातून सिडनीकडे जातो, तो पूर्व ऑस्ट्रेलियाचा सागरी प्रवाहही खराच आहे. उन्हाळ्यात तो उष्ण पाण्यातल्या कितीतरी माशांची पिल्लं दक्षिणेला सिडनीपर्यंत नेऊन सोडतो. पूर्वी ती तिथल्या थंडीत मरून जायची. आता पाणी तापू लागल्यानं काही जातींची पिल्लं हिवाळा काढू लागली आहेत. मार्लिनच्या प्रवासापेक्षा मला ही गोष्ट जास्त थरारक वाटते.

आता आरोपाकडे. थेन मिलिट्झ आणि सायमन फोल या संशोधकांनी २०१७ साली उपलब्ध पुरावे चाळले. निमोमुळे समुद्रातल्या क्लाउनफिशची पकड वाढली, याला त्यांना भक्कम आधार सापडला नाही. २०१६ साली याच सिनेमाचा पुढचा भाग ‘फाइंडिंग डोरी’ आला, तेव्हा डोरीच्या जातीचं, म्हणजे ब्लू टँगचं, आता काही खरं नाही अशी हाकाटी झाली. ऑक्सफर्डच्या दिओगो व्हेरिसिमो यांच्या गटानं आकडे पाहिले. सिनेमा आल्यावर दोन-तीन आठवडे इंटरनेटवर या माशाचा शोध वाढला होता. अमेरिकेतली आयात मात्र वाढलेली दिसली नाही.

यातून सिनेमा निर्दोष सुटला असं कुणाला वाटेल. मला त्यात दुसरी बाजूही दिसते. खरेदी वाढली नाही हे ठीक, पण जे वाढलं ते कुतूहल, आणि तेही दोन-तीन आठवडेच टिकलं. जगभर गाजलेल्या सिनेमानं एवढंच हलवलं असेल, तर ‘सिनेमातून पर्यावरण-जागृती’ या शब्दांवर आपण फारच भार टाकतोय.

दोन्ही माशांचं पुढे काय झालं, हे प्रामुख्यानं हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात ठरलं. क्लाउनफिश टाकीत वाढवणं तुलनेनं सोपं. जोडीसमोर कौल किंवा मातीचं भांडं ठेवलं की ती त्यावर अंडी चिकटवते. पिल्लांना आधी रोटिफर हे सूक्ष्म जीव आणि मग आर्टेमिया हे कोळंबीसारखे इवलेसे जीव खाऊ घालतात. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची हॅचरी आहे. असा टाकीतला मासा विकला गेला तर प्रवाळावरचा एक वाचू शकतो. ब्लू टँग हट्टी. तो अंडी मोकळ्या पाण्यात सोडून देतो आणि पिल्लं अतिशय नाजूक. टाकीत ती मोठी करणं फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला २०१६ मध्ये जमलं, नेमकं ‘डोरी’च्याच वर्षी. तरीही बाजारातले बहुतेक ब्लू टँग समुद्रातूनच पकडलेले असतात, आणि आग्नेय आशियात काही ठिकाणी मासे गुंगवायला अजूनही सायनाइड फवारतात. त्यात प्रवाळही मरतं.

क्लाउनफिशला आजचा मोठा धोका वाढत्या उष्णतेचा आहे. २०१६ मध्ये ताहितीजवळच्या मूरेआ बेटाभोवती पाणी तापलं आणि बरीच समुद्रफुलं आपल्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ गमावून पांढरी पडली. त्यांत राहणाऱ्या क्लाउनफिशच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं वाढली आणि अंडी घालणं ७३ टक्क्यांनी घटलं. पाणी निवल्यावर काही महिन्यांनी फुलं सावरली, मासेही सावरले. पण अशा लाटा आता लवकर लवकर येऊ लागल्या आहेत. हे पडद्यावर कसं दाखवणार? जाळी घेऊन आलेला माणूस मुलाला लगेच समजतो. अर्ध्या-एक अंशानं कोमट झालेल्या पाण्याला ना चेहरा असतो, ना आवाज, आणि सिडनीतला त्याचा पत्ताही कुणाला शोधून काढता येत नाही.