गर्भकालीन मधुमेह आणि मातेचे वजन

गरोदरपणात पहिल्यांदाच रक्तातील साखर वाढलेली आढळणे, पण ती कायमच्या मधुमेहाच्या पातळीला न पोहोचणे, याला गर्भकालीन मधुमेह म्हणतात. सहसा तो पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर दिसतो आणि बहुतेकींची साखर बाळंतपणानंतर पूर्ववत होते. गर्भधारणेपूर्वीचे जास्त वजन त्याला हातभार लावते. तरीही या दोन गोष्टी एकच नव्हेत. वजन जास्त असूनही साखर व्यवस्थित राहिलेल्या स्त्रिया पुष्कळ असतात, आणि सडपातळ बांध्याच्या स्त्रीलाही हा मधुमेह होतो. या दोन्ही गोष्टींचा परिणाम वेगवेगळा असतो. दोन्ही एकत्र आल्या की धोका अधिक वाढतो.

या आजाराची सुरुवात वारेपासून, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटापासून होते. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या पेशी इन्शुलिनला, म्हणजे रक्तातील साखर उतरवणाऱ्या संप्रेरकाला, पूर्वीसारखी दाद देत नाहीत. ही निसर्गाचीच तजवीज आहे: आईच्या रक्तात साखर जरा जास्त वेळ राहावी आणि बाळाला ती मिळत राहावी. निरोगी स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून हा ताण पेलते. ज्यांच्या शरीरात चरबीमुळे इन्शुलिनचा प्रभाव आधीच कमी झालेला असतो, किंवा ज्यांच्या स्वादुपिंडाची मूळ क्षमताच बेताची असते, त्यांची साखर चढते. आनुवंशिकता, वाढते वय, पीसीओएस (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) आणि आधीच्या गरोदरपणातील मधुमेह यांचाही यात वाटा असतो. ‘गोड खाल्लेस म्हणून झाले’ असे गरोदर स्त्रीला ऐकवणे म्हणूनच चुकीचे आणि अन्यायाचे आहे.

बाळावर होणाऱ्या परिणामाचा उलगडा डॅनिश वैद्य यॉर्गन पेडरसन यांनी 1950च्या दशकात केला. आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, इन्शुलिन मात्र जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन बनवू लागते. गर्भावस्थेत इन्शुलिन हे वाढीचे संप्रेरक असल्याने बाळाच्या अंगावर चरबी साठते, आणि ती डोक्यापेक्षा खांद्यांवर व धडावर अधिक असते. प्रसूतीत डोके बाहेर येते, पण खांदा आईच्या जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जाऊ शकतात आणि बाळाला श्वासाअभावी इजा होऊ शकते.

जन्मानंतरचे पहिले काही तासही जपण्याचे असतात. नाळ कापताच आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचे इन्शुलिन लगेच उतरत नाही. त्यामुळे बाळाची साखर घसरते. हातापायांना कंप सुटतो, बाळ मलूल पडते, दूध ओढत नाही. कधी काहीच लक्षण दिसत नाही. म्हणून अशा बाळाला पहिल्या तासाभरातच अंगावर पाजतात आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर पुन्हा पुन्हा तपासतात. श्वासाचा त्रास आणि कावीळ यांचे प्रमाणही या बाळांत जास्त असते.

आईच्या जास्त वजनाचे परिणाम साखर व्यवस्थित असतानाही होतात: प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातील धोकादायक उच्च रक्तदाब), सिझेरियन, जखमेतला जंतुसंसर्ग, रक्तवाहिनीत गुठळी, दूध उतरायला उशीर. बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष आणि मृतजन्म यांचा धोकाही वाढतो. जाड पोटभिंतीमुळे सोनोग्राफीत बाळ स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे काही दोष नजरेतून निसटतात. कमी वजनाच्या आईलाही धोका आहेच. तिचे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अशक्त असण्याची शक्यता जास्त असते.

धोका नेमका कोणत्या पातळीपासून सुरू होतो, हा प्रश्न गरोदरपणातील साखरेवरच्या ‘हॅपो’ या बहुराष्ट्रीय अभ्यासाने हाताळला. 9 देशांतील 23,000 हून अधिक स्त्रियांवरील त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. आईची साखर जसजशी चढत गेली तसतसे मोठ्या आकाराच्या बाळांचे प्रमाण वाढत गेले. अमुक आकड्याखाली निर्धास्त राहावे अशी रेषा सापडली नाही. निदानाचे आकडे त्यामुळे तज्ज्ञांच्या सहमतीने ठरले. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देऊन जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये स्वीकारलेल्या मर्यादा पाहतात: उपाशीपोटी 92, तासाने 180, दोन तासांनी 153 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. यांपैकी एकही गाठली तरी निदान होते.

उपचाराची सुरुवात आहाराचे नियोजन आणि रोजच्या चालण्याने होते. तेवढ्याने साखर आटोक्यात न आल्यास इन्शुलिन देतात; मेटफॉर्मिन ही साखर उतरवणारी गोळीही वापरतात, पण ते वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. गरोदरपणात उपाशी राहून वजन उतरवणे हा उपचार नव्हे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 मध्ये एका बाळाच्या गरोदरपणासाठी वजनवाढीचे प्रमाण सुचवले: सर्वसाधारण बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) असलेल्या स्त्रीसाठी 11.5 ते 16 किलो, 30 किंवा त्याहून जास्त बीएमआय असल्यास 5 ते 9 किलो.

गर्भाशयातील साखरेचा ठसा मुलावर पुढेही राहतो का, की तो निव्वळ आनुवंशिकतेचा खेळ असतो? याचे लक्षणीय उत्तर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या पिमा या मूळनिवासी लोकांच्या अभ्यासातून मिळाले. एकाच आईची मुले तिथे ताडून पाहिली गेली: काही तिला मधुमेह होण्यापूर्वी जन्मलेली, काही नंतर. नंतरच्या भावंडांत मधुमेह आणि वाढलेला बीएमआय जास्त आढळला. वडिलांना मधुमेह होण्याआधीच्या आणि नंतरच्या मुलांत असा फरक दिसला नाही. म्हणजे जनुकांखेरीज गर्भाशयातील वातावरणही मोजावे लागते. दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात आईच्या वजनाकडे आणि साखरेकडे लक्ष देणे त्यामुळे फार मोलाचे ठरते.

आईला पुढे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या कितीतरी पट असतो. स्तनपानाने तो काही प्रमाणात कमी होतो असे दिसते. बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत ग्लुकोज चाचणी पुन्हा करायची असते आणि त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासायची असते. पण घरादाराचे लक्ष बाळाकडे वळलेले असते आणि बाळंतिणीची ही तपासणीच सर्रास राहून जाते. बाळाच्या लसीच्या भेटीला आईची चाचणी जोडून दिली, तर ती चुकण्याची शक्यता कमी होते. सकाळी तिला उपाशीपोटी यायला आधी सांगून ठेवावे लागते.