अली की मार्सियानो? न झालेल्या लढतींच्या वादाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांचा हेवीवेट (सर्वांत जड गटातला) बॉक्सर माइक टायसन त्याच्या निम्म्याहून कमी वयाच्या खेळाडूसमोर उभा राहिला आणि पॉइंटवर हरला. आपल्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ होती. जळगाव-धुळ्याकडच्या तालमींत मोबाईलभोवती घोळका करणाऱ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच: हा १९८८चा टायसन असता तर? तिथून गाडी जुन्या हेवीवेट विजेत्यांवर: मुहम्मद अलीवर, अलीवरून रॉकी मार्सियानोवर. टायसनच्या त्या लढतीत फेरी तीनऐवजी दोन मिनिटांची होती, फेऱ्या बाराऐवजी आठ, ग्लोव्ह्ज दहाऐवजी चौदा औंसांचे. या आकड्यांकडे फारसं कुणी बघत नाही, आणि दोन काळांच्या जोडीचा घोळ नेमका तिथूनच सुरू होतो.

कुस्तीवाल्याला हे वेगळं समजावून द्यायला नको. दंगलीत जोड लावताना उंची, वजन, दम बघतातच, पण त्याआधी निकाली (चीत होईपर्यंत) की वेळेची हे ठरतं. चाळीसगाव तालुक्यातल्या मल्लाने २०१४ ते २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली; पारावर त्याची जुन्या मल्लांशी तुलना निघाली की पहिला फाटा फुटतो तो माती की मॅट यावरच. गामा पैलवान आणि पोलंडचा झबिश्को १९१० मध्ये लंडनला अडीच तासांहून जास्त लढले. झबिश्को पोटावर पडून राहिला, निकाल लागलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळाच्या आखाड्यात तेच दोघे भिडले, तेव्हा मिनिटभरही लागलं नाही.

बॉक्सिंगचा फार जुना काळ इथे थोडक्यात आटोपू. ग्लोव्ह्ज, तीन मिनिटांची फेरी आणि दहा अंकांची मोजणी (तेवढ्यात पडलेला उठला नाही तर हरला) हे नियम १८६७चे. उघड्या मुठींची शेवटची मोठी हेवीवेट लढत १८८९ची, ७५ फेऱ्यांची. त्यानंतरचा एक प्रसंग मात्र सोडता येत नाही. १९१९ मध्ये डेम्प्सीने तेव्हाच्या हेवीवेट विजेत्या विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. विलार्ड उठायचा तेव्हा डेम्प्सी त्याच्या डोक्याशीच उभा असायचा, कारण पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जायचं हे बंधन तेव्हा नव्हतं. १९२७ मध्ये शिकागोत ते होतं. समोरचा टनी खाली पडला, डेम्प्सी सवयीने तिथेच रेंगाळला, रेफरीने मोजणी थांबवली आणि टनीला १४ सेकंदांच्या आसपास मिळाले. तो उठला आणि जिंकला.

आता मुख्य प्रकरण. १९६७ मध्ये एका अमेरिकी रेडिओ निर्मात्याने १६ हेवीवेट विजेत्यांची कागदावर स्पर्धा भरवली. जाणकारांकडून प्रत्येकाचा वेग, ठोसा, मार खाण्याची ताकद अशा गोष्टींना गुण घेतले, लढतींच्या नोंदी जोडल्या आणि सगळं एनसीआर ३१५ या संगणकात भरलं. संगणकाने फेरीगणिक हिशेब दिला आणि निवेदकाने तो रेडिओवर डोळ्यांदेखत लढत चालल्यासारखा वाचला. अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्प्सीला तेराव्या फेरीत नॉकआउट केलं. अली त्याआधीच जुन्या काळच्या विजेत्या जेफ्रीजकडून हरला होता.

अलीचा किताब त्याच वर्षी, सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे, काढून घेतला होता. रिंगमध्ये उतरायची सोय नाही आणि वर यंत्राने हरवलं. त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड अशी झाली की दहा हजार डॉलर आणि नफ्यातला वाटा घेऊन त्याने मार्सियानोबरोबर चित्रपटात लढायचं.

१९६९ मध्ये मायामीच्या बंद स्टुडिओत चित्रीकरण झालं. मार्सियानो ४५ वर्षांचा, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. त्याने २० किलोंहून जास्त वजन उतरवलं आणि डोक्यावर विग चढवला. अली २७ वर्षांचा, पण दोन वर्षं लढतच नव्हता आणि अंगावर चरबी चढलेली. एकेक मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या चित्रित झाल्या. अंगावरचे ठोसे बरेचसे खरे, डोक्यावरचे आवरते. शेवट एकाहून जास्त घेऊन ठेवले होते. कोणता लागणार हे दोघांनाही सांगितलेलं नव्हतं. मार्सियानोला ते कधीच कळलं नाही. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ला, तो विमान अपघातात गेला.

२० जानेवारी १९७०ला अमेरिकेतल्या पडद्यांवर मार्सियानो तेराव्या फेरीत नॉकआउटने जिंकला. इंग्लंडमध्ये दाखवलेल्या प्रतीत मात्र जखमांमुळे लढत थांबते आणि अली जिंकतो. संगणक एकच, माणसं तीच, समुद्र ओलांडला की निकाल फिरला! याला अभ्यास म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. यंत्रात पडली होती ती माणसांनी दिलेली गुणपत्रिकाच, आणि शेवट निवडला तोही माणसांनीच.

मार्सियानोचा ४९-० (४९ लढती जिंकल्या, एकही हरला नाही) हा आकडा कुठल्याही गणितात जड पडतो. पण १९५१ मध्ये त्याने हरवलेला माजी विजेता जो लुई ३७ वर्षांचा होता. शिवाय १९५२ मध्ये फिलाडेल्फियात त्याने वॉलकॉटकडून किताब घेतला, तेव्हा बारा फेऱ्या संपल्यावर तिन्ही पंचांच्या कागदावर तो मागे होता. तेराव्या फेरीत एक उजवा हात लागला आणि वॉलकॉट दोरावर लोंबकळत खाली गेला. लुईचंही १९४१ मध्ये कॉनसमोर तेच: गुणांवर मागे, तेराव्यात नॉकआउट. किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या त्या १९८३ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत, १९८२ मध्ये एका कोरियन लाइटवेटचा जीव गेल्यानंतर. आजच्या बारा फेऱ्यांच्या नियमाने मार्सियानोचा तो ४९-० झालाच नसता. यावर उलट बाजूही आहे आणि ती खोटी नाही: लढत बाराचीच आहे हे माहीत असतं तर मार्सियानोने दम राखून ठेवला नसता, आधीच घाई केली असती. म्हणून जुनी लढत नुसती बाराव्या फेरीवर कापून निकाल काढणं हाही अर्धा हिशेब.

सगळ्यात फसवा शब्द ‘प्राइम’, म्हणजे ऐन भरातला काळ. ‘दोघेही प्राइममध्ये’ म्हटलं की वाद सरळ झाला असं वाटतं. अलीचा प्राइम कोणता? १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा, पायांवर नाचणारा अली, की १९७४ मध्ये किन्शासात दोराला टेकून मार झेलणारा आणि आठव्या फेरीत तेव्हाच्या विजेत्या फोरमनला पाडणारा? पहिल्याकडे वेग होता, दुसऱ्याकडे सोसण्याची रीत. दोन्ही एका शरीरात घालून ‘प्राइम अली’ बनवायचा ही सरळ लबाडी आहे, आणि ती सगळेच करतात. टायसनने जून १९८८ मध्ये स्पिंक्सला ९१ सेकंदांत उडवलं आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत डग्लसकडून मार खाल्ला, तेव्हा तो जेमतेम २३ वर्षांचा होता. वयाने मोजलं तर दुसरी तारीखही प्राइमच. फोरमन तर १९७३ मध्ये विजेता आणि पुन्हा १९९४ मध्ये, ४५व्या वर्षी. मार्सियानो ३२व्या वर्षी थांबला, त्यामुळे त्याची उतरण कुणी पाहिलीच नाही. त्यामुळे तारीख नोंदवल्याशिवाय जोड लावायची नाही.

‘याने त्याला हरवलं, म्हणून हा वरचढ’ ही साखळीही तुटते. १९७१ मध्ये फ्रेझियरने अलीला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. १९७३ मध्ये फोरमनने फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. १९७४ मध्ये अलीने फोरमनला संपवलं. नॉर्टनने अलीचा जबडा मोडला होता. तोच नॉर्टन फोरमनसमोर दुसऱ्या फेरीपुढे गेला नाही. पुढे सरकत येणारा फ्रेझियर फोरमनच्या अपरकटला (खालून वर येणाऱ्या ठोशाला) आयता सापडायचा, लांबून खेळणारा अली सापडायचा नाही. ढंग बदलला की क्रम बदलतो. एकाच दशकात ही गत, मग पन्नास वर्षांची उडी मारताना काय?

जुन्या फिती बघून मत बनवणाऱ्यांसाठी एक तांत्रिक बाब. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी (फ्रेम) टिपल्या जायच्या. त्या २४च्या वेगाने चालवल्या की माणूस दीडपट वेगात हलतो. डेम्प्सीच्या काळचे लढवय्ये गडबडलेल्या बाहुल्यांसारखे दिसतात ते बरंचसं यामुळे. प्लेअरमध्ये वेग ०.७५ वर आणला, की खांदा खाली घेऊन आत शिरणं, हुकच्या (बाजूने फिरवलेल्या ठोशाच्या) आधीचं वजन पालटणं नीट दिसू लागतं.

वजनाचा प्रश्न शेवटी येतो आणि तिथे भांडण होतं. विलार्डसमोर डेम्प्सी ८५ किलोंचा होता, मूरसमोर मार्सियानोही तेवढाच. २०० पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास ९१ किलोंपर्यंत, आज हेवीवेटच्या खालचा क्रूझरवेट गट आहे. १९७९च्या सुमारास तो सुरू झाला तेव्हा मर्यादा १९० पौंड होती, पुढे वाढवली. या हिशेबाने दोघे आजच्या हेवीवेटमध्ये बसतच नाहीत, आणि फ्यूरीसारख्या सहा फूट नऊ इंचाच्या माणसासमोर त्यांची जोड वस्ताद लावूच देणार नाही. पण मे २०२४ मध्ये रियाधला याच फ्यूरीला, २६२ पौंडांच्या, त्याच्याहून जवळपास ३८ पौंडांनी हलक्या उसिकने गुणांवर हरवलं आणि चारही मोठ्या संघटनांचे किताब-पट्टे नेले. हा उसिक २०१८ मध्ये क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता होता. तेव्हापासून डेम्प्सीवाले पुन्हा जोरात आहेत.