खाज थांबली, दाब वाढला

एप्रिलमध्ये नागपूरचा पारा ४२-४३ वर गेला, कोरडी झळ आणि धूळ सुरू झाली की ५ ते १५ वयाच्या मुलांचे, त्यातही मुलग्यांचे, डोळे खाजायला लागतात. लाली, उजेड सहन न होणं, तार धरणारा चिकट स्राव. ही व्हर्नल अ‍ॅलर्जी. घरचे मेडिकल स्टोअरमधून मागच्या वर्षीचाच ड्रॉप आणतात, दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो आणि बाटली संपली की दुसरी येते. इतका झटपट गुण देणाऱ्या बाटलीत अनेकदा स्टेरॉइड असतं. लेबल वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन. शेवटी 'सोन' किंवा 'लोन' दिसलं की सावध व्हायचं. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या अँटिबायोटिकच्या जोडीनेही ते येतं आणि लोक त्याला साधा 'इन्फेक्शनचा ड्रॉप' समजतात.

डोळ्याच्या पुढच्या भागात दर मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं. ते बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या सूक्ष्म जाळीतून, ट्रॅबेक्युलर मेशवर्कमधून, शिरांमध्ये निघून जातं. स्टेरॉइड या जाळीच्या पेशींच्या केंद्रकात जाऊन जनुकांचं काम बदलतं. पेशी फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिनं जास्त साठवतात, त्यांच्या आतले अ‍ॅक्टिनचे धागे एकमेकांत गुंतून पेशी ताठर होतात आणि कचरा गिळण्याचं त्यांचं रोजचं काम मंदावतं. कूलरच्या ताट्यांवर क्षार चढून हवा अडावी, तशी ही जाळी बुजते.

आता थोडं गणित. डोळ्यातला दाब = (तयार होणारं पाणी ÷ निचऱ्याची सुलभता) + बाहेरच्या शिरांमधला दाब. निरोगी डोळ्यात २.४ भागिले ०.३ म्हणजे ८, त्यात शिरांचा ८ मिळवला की १६ मिमी पारा, म्हणजे १० ते २१ या नेहमीच्या मर्यादेत. सुलभता निम्मी, ०.१५ झाली की १६ अधिक ८, २४. गणित ढोबळ आहे, कारण थोडं पाणी स्नायूच्या तंतूंमधूनही झिरपतं आणि ती वाट दाबाला फारशी जुमानत नाही. पण पाणी जास्त तयार होत नाही, निचरा तुंबतो, हे त्यातून नेमकं कळतं.

सगळ्यांची जाळी सारखी बुजत नाही. १९६०च्या दशकात आर्मली आणि बेकर या नेत्रतज्ज्ञांनी निरोगी लोकांच्या डोळ्यांत काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब घालून पाहिले. सुमारे तिघांपैकी एकाचा दाब मध्यम वाढला, शंभरातल्या चार-पाच जणांचा १५ मिमीपेक्षाही जास्त. हे लोक आधी खात्रीने ओळखता येत नाहीत. मोठ्यांमध्ये वाढ बहुधा दोन ते सहा आठवड्यांत दिसते, मुलांमध्ये त्याहून लवकर. दाब हळू चढतो म्हणून दुखत नाही. शिवाय खाज थांबलेली असते, त्यामुळे कुणी तपासायला जात नाही. दृष्टीच्या नसेतल्या सुमारे १२ लाख तंतूंपैकी एकेक मरू लागतो, नजर बाजूंकडून कमी होते (हाच काचबिंदू) आणि मेलेला तंतू परत येत नाही. थेंब लवकर बंद झाले तर दाब सहसा एक ते चार आठवड्यांत उतरतो. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चालले असतील तर तसाच राहू शकतो. जोडीला भिंगाच्या मागच्या थरात मोतीबिंदू होऊ शकतो, तो वेगळाच.

स्टेरॉइडला घाबरून मध, गुलाबपाणी किंवा आईचं दूध डोळ्यात घालणारेही आहेत. ते निर्जंतुक नसतं, एवढं कारण पुरेसं आहे. शेतात तुरीची काडी किंवा गव्हाचं कुसळ लागून बुबुळावर पांढरा डाग आला असेल तर स्टेरॉइड तर मुळीच नको: अशा जखमेत बुरशी असू शकते आणि स्टेरॉइड तिला मोकळं रान देतं.

अ‍ॅलर्जीसाठी आधी थंड पाण्याच्या घड्या, टोपी-गॉगल आणि डॉक्टरांनी सांगितलेले ओलोपॅटाडिनसारखे थेंब. स्टेरॉइड लागलंच तर फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल तुलनेने सौम्य, तेही थोडे दिवस. सुरू करण्यापूर्वी दाब मोजावा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्र ओपीडीत जाताना बाटली सोबत न्या. 'लाल झाकणाचा ड्रॉप' एवढ्यावर काही कळत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेलं स्टेरॉइड मात्र हे वाचून मध्येच बंद करू नका. ते ठरलेल्या आठवड्यांत, थेंब एकेक कमी करतच थांबवतात, नाहीतर आतली सूज उलटते.