एनडी आणि पोलरायझर : ड्रोनच्या डबीतल्या दोन काळ्या काचा

कॅमेरा-ड्रोन घेतला की पाठोपाठ फिल्टरांची डबी येते, आणि त्या डबीतल्या सगळ्या काचांना सरसकट 'कॅमेऱ्याचा गॉगल' म्हटले जाते. घोळ तिथूनच सुरू होतो. एनडी (न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी काच) आणि पोलरायझर (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाश अडवणारी काच) या दोन्ही काचा हातात घेतल्या तर सारख्याच करड्या दिसतात, दोन्हींमुळे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश कमी होतो, आणि विक्रेतेही दोन्हींच्या वर्णनात 'आकाश अधिक निळे' असे बिनदिक्कत छापतात. एनडीने आकाश निळे होत नाही, पाण्यावरची चकाकी जात नाही, आणि जिथे तसे झाल्यासारखे वाटते तिथे फक्त एक्स्पोजर (चित्राला मिळालेला प्रकाश) कमी पडलेले असते.

एनडीचे काम बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ते थोडक्यात आटोपतो. ही काच सर्व रंगांचा प्रकाश, तो कोणत्याही दिशेने आलेला असो, सारख्याच प्रमाणात अडवते : एनडी८ तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), एनडी१६ चार, एनडी३२ पाच आणि एनडी६४ सहा. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/२.८ असताना शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, १/३२०० सेकंदाच्या आसपास जाते; सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओसाठी ते १/५० वर आणायचे तर सहा स्टॉप कमी करावे लागतात, म्हणजे एनडी६४ लागतो. अनेक छोट्या ड्रोनांचे अ‍ॅपर्चर बदलता येत नसल्यामुळे दुसरा मार्गही नसतो. साध्या फोटोसाठी मात्र ही काच काढून ठेवावी.

शटर फ्रेमच्या दुप्पट वेगाचेच हवे (२५ फ्रेमना १/५०), म्हणजे हालचाल किंचित पुसट होऊन व्हिडिओ सलग दिसतो, या नियमाचा नको इतका बाऊ केला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रोन सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल तर १/५० सेकंदात तो २० सेंटिमीटर सरकतो. २४ मिलिमीटरच्या तुल्य रुंद लेन्समधून सरळ खाली पाहताना १०० मीटर उंचीवरून ४के चित्रात हे अंतर जेमतेम पाच पिक्सेल भरते, तर ५ मीटर उंचीवरून तेच शंभराच्या घरात जाते. उंचावरच्या संथ दृश्यात एनडी आहे की नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पिकाच्या शेंड्यांवरून खाली-खाली उडताना मात्र त्याच्याविना चित्र तुटक दिसते.

आता पोलरायझर, कारण खरी फसगत इथे होते. एनडी 'किती' प्रकाश आत सोडायचा ते ठरवतो, पोलरायझर 'कोणता' सोडायचा ते ठरवतो. पाणी, काच, ओली पाने यांच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने मोठ्या प्रमाणात एकाच दिशेत उरतात. काच योग्य स्थितीत फिरवली की तेवढाच प्रकाश अडतो आणि चकाकीखालचा तळ किंवा पानांचा मूळ हिरवा रंग वर येतो. उघड्या धातूची चकाकी अशी एकाच दिशेत कंप पावणारी (ध्रुवीभूत) नसते, त्यामुळे तिच्यावर या काचेचा काहीही इलाज चालत नाही. पोलरायझरची काच एक ते दोन स्टॉप प्रकाश खाते खरी, पण तो तिचा दुष्परिणाम आहे, आणि त्यासाठी ती विकत घेणे म्हणजे सावलीसाठी आरसा टांगण्यासारखे आहे.

हा परिणाम कोनावर अवलंबून असतो, हे ड्रोनच्या बाबतीत हमखास विसरले जाते. पाण्याची चकाकी सर्वांत जास्त जाते ती कॅमेरा क्षितिजापासून सुमारे ३७ अंश खाली झुकलेला असताना. सरळ खाली पाहिले तर चित्राच्या मध्यभागी परिणाम शून्यावर येतो. मी स्वतः एकदा तलावाची अख्खी बॅटरीभर दृश्ये गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी आणि झुकवणारी यंत्रणा) उणे ९० अंशांवर, म्हणजे सरळ खाली, ठेवून पोलरायझरसह घेतली होती. घरी येऊन पाहिले तर काच न लावता घेतलेल्या दृश्यांत आणि त्यांत फक्त अंधाराचा फरक होता.

आकाशाचे गणित वेगळे आहे. तिथे परिणाम सूर्याशी काटकोनात असलेल्या पट्ट्यात सर्वांत जास्त असतो आणि सूर्याच्या दिशेला किंवा त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला जवळजवळ नसतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळी ड्रोन जागच्या जागी वळवला की चालू दृश्यातच आकाशाचा निळा रंग गडद-फिका होत जातो, आणि रुंद लेन्समध्ये तर एकाच फ्रेममध्ये आकाशाला काळसर डाग पडल्यासारखा दिसतो. अनेक फोटोंचा पॅनोरमा जोडायचा असेल तर ही काच काढाच. शिवाय सूर्य क्षितिजालगत असताना आकाश गडद करण्यासाठी काच ज्या स्थितीत लागते, ती पाण्यासाठीच्या स्थितीशी काटकोनात असते. म्हणजे एका उड्डाणात दोन्ही साधण्याची आशा धरू नये. हातातल्या कॅमेऱ्यावर काचेचे कडे फिरवता येते, ड्रोन वर गेल्यावर ते फिरवायला कोणी नसते.

म्हणून काय साधायचे ते जमिनीवरच ठरवावे. पाण्यासाठी मी ओल्या फरशीवर किंवा डबक्याशेजारी उकिडवा बसतो, ड्रोन हातात धरून कॅमेरा तिरपा खाली करतो, आणि पडद्यावर पाहत कडे इतके फिरवतो की फरशीतले प्रतिबिंब विझते व सांध्यांमधली माती दिसू लागते. गिंबल कॅमेरा क्षितिजाशी समांतर ठेवत असल्यामुळे ही स्थिती वर गेल्यावरही टिकते, ड्रोनचे तोंड कोणत्याही दिशेला असले तरी. सांभाळायचा असतो तो फक्त झुकावाचा कोन.

एनडी आणि पोलरायझर एकाच काचेत बसवलेले जोडफिल्टर मला मुळीच पटत नाहीत, कारण अंधार किती हवा आणि चकाकी घालवायची की नाही हे दोन स्वतंत्र निर्णय त्यात एकमेकांच्या गळ्यात बांधले जातात. फिरवून अंधार कमी-जास्त करता येणारा एनडी तर मुळात समोरासमोर ठेवलेले दोन पोलरायझरच असतो, आणि रुंद लेन्सवर तो फार गडद केला की चित्रावर फुलीसारखी काळी छाया उमटते. एनडी१६, एनडी६४ आणि एक साधा पोलरायझर एवढ्यावर माझे भागते. कोणतीही काच घ्या, ती त्याच मॉडेलसाठी बनवलेली आणि वजनाला हलकी असावी, आणि ड्रोन चालू करण्याआधीच लावावी, कारण गिंबल आपला तोल सुरुवातीलाच जोखून घेतो. मागाहून लावलेल्या काचेचे ओझे त्याने हिशेबात धरलेले नसते.