अप्पूघर: दिल्लीतल्या हत्तीचं घर

निगडीच्या रस्त्यावर थोडा वेळ उभं राहिलं, तर पाटीवर 'अप्पूघर' लिहिलेली पीएमपीची बस हमखास दिसते. दुर्गा टेकडीजवळच्या बागेचं हे नाव पिंपरी-चिंचवडकरांच्या तोंडात इतकं बसलंय, की हा अप्पू कोण हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. रिक्षावाल्याला सांगायचं, बसमधून तिथं उतरायचं, झालं. पण या अप्पूचं मूळ घर निगडीपासून खूप लांब, दिल्लीत होतं. ते २००८ साली बंद झालं आणि आज तिथे त्याची एक वीटही शिल्लक नाही. ते घर कसं उभं राहिलं आणि कसं गेलं, ही गोष्ट एका हत्तीपासून सुरू होते.

१९ नोव्हेंबर १९८२ रोजी दिल्लीत नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचं, म्हणजे एशियाडचं, उद्घाटन झालं. १९५१ची पहिली स्पर्धाही दिल्लीतच झाली होती, पण या वेळचा थाट निराळा होता. जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभं राहिलं, खेळाडूंसाठी खेलगाव वसलं, शहरात उड्डाणपूल आले. त्याच वर्षी दूरदर्शनला रंग आला आणि ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता, त्यांच्या घरात गल्ली गोळा होऊ लागली. महाराष्ट्राच्या वाट्याला या स्पर्धेतून एक वेगळीच गोष्ट आली. खेळाडूंची ने-आण करण्यासाठी आपल्या एसटीच्या गाड्याही दिल्लीला गेल्या होत्या. परत आल्यावर त्या दादर–पुणे मार्गावर निमआराम म्हणून धावू लागल्या आणि लोकांनी त्यांचं नाव 'एशियाड' ठेवून टाकलं. दिल्लीतले सामने कुणी जिंकले, हे विसरलेल्या माणसालाही 'एशियाडने जाऊ, लवकर पोहोचू' हे वाक्य आठवतं.

या स्पर्धेचं बोधचिन्ह होतं हत्तीचं एक पिल्लू, अप्पू. चित्रातला अप्पू टीव्हीवर, तिकिटांवर, खेळण्यांवर झळकला, पण त्याचा एक हाडामांसाचा जोडीदारही होता. केरळातल्या गुरुवायूर देवस्थानाकडे भाविकांनी देवाला वाहिलेले हत्ती असतात. त्यांतलाच एक, वयाने लहानगा कुट्टिनारायणन, दिल्लीला आला आणि लोकांच्या दृष्टीने तोच अप्पू झाला. मुलांना चित्र आवडतं, पण सोंड हलवणारा खरा हत्ती त्याहून जास्त आवडतो. अप्पूचं नाव स्पर्धेबरोबर विरून गेलं नाही, याचं निम्मं श्रेय मी त्या पिल्लाला देते.

स्पर्धा पंधरा-सोळा दिवसांत संपली. त्यानंतर दोन वर्षांनी प्रगती मैदानावर, म्हणजे देशाच्या मोठमोठ्या व्यापारी प्रदर्शनांच्या जागेवर, मुलांसाठी कायमची मौजेची जागा उभी राहिली. तिला नाव मिळालं अप्पूघर. जागा सरकारी, ती चालवणारी कंपनी खाजगी आणि मधे भाडेपट्टा, अशी ती व्यवस्था होती. या भाडेपट्ट्याकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नसावं. पुढे सगळी गोष्ट तिथेच येऊन अडली.

उद्घाटनाचा दिवस होता १९ नोव्हेंबर १९८४. हा दिवस नीट पाहायला हवा. १९ नोव्हेंबर ही इंदिरा गांधींची जन्मतारीख. एशियाडचं उद्घाटनही त्याच तारखेला झालं होतं. पण १९८४ मध्ये ती तारीख उजाडली, तेव्हा इंदिराजींची हत्या होऊन एकोणीस दिवस झाले होते. हत्येनंतरच्या दिवसांत याच शहरात हजारो शिखांना त्यांच्या घरांतून, दुकानांतून, रस्त्यांवर गाठून मारलं गेलं होतं. वाचलेली कुटुंबं मदत छावण्यांत होती. एखादं मोठं झाड पडतं तेव्हा आजूबाजूची धरणी हादरतेच, हे राजीव गांधींचं वाक्य अजूनही शिखांच्या मनातून गेलेलं नाही. तेही याच दिवशी, बोट क्लबवरच्या सभेतलं. आणि त्याच पंतप्रधानांनी, त्याच दिवशी, अप्पूघरचं उद्घाटन केलं. मला हा योग कधीच सहज ओलांडता आलेला नाही. छावणीत त्या आठवड्यात झोपलेल्या मुलांपैकी कुणी पुढे मोठं होऊन आपल्या मुलांना घेऊन अप्पूघरच्या 'कोलंबस' नावाच्या झोपाळ्याच्या रांगेत उभं राहिलंही असेल. शहरं अशीच जगतात, पण उद्घाटनाची तारीख लिहिताना ही बाजू गाळून लिहिणं मला जमत नाही.

दिल्लीकरांनी मात्र अप्पूघरवर जीव लावला. त्याआधी झोपाळे आणि पाळणे म्हणजे जत्रा. आकाशपाळणा यायचा, चार दिवस फिरायचा आणि गाड्यांवर लादून पुढच्या गावाला जायचा. वर्षभर एकाच जागी, तिकीट काढलं की कधीही बसता येईल, अशी जागा देशातल्या मुलांना नवी होती. आपल्याकडे गोराईचं एस्सेल वर्ल्ड आलं ते १९८९ मध्ये, पाच वर्षांनी. उत्तरेतल्या लहान-मोठ्या गावांतून दिल्लीला सहल गेली, की लाल किल्ला, कुतुबमिनार आणि अप्पूघर, हा क्रम ठरलेला असे.

आकाशपाळणा होता, एकमेकांवर धडकणाऱ्या गाड्या होत्या, 'माय फेअर लेडी' नावाची राइड होती, पुढे आवारात 'ऑयस्टर्स' नावाचं पाण्याचं उद्यानही आलं. पण जुन्या दिल्लीकराला विचारा, तो आधी 'कोलंबस' म्हणेल. कोलंबस म्हणजे एक प्रचंड होडी, दोन्ही बाजूंच्या खांबांवर टांगलेली. अशा नावेच्या तळाखाली एक रबरी चाक असतं. नाव डोक्यावरून जाताना ते तिच्या पोटाला घासून फिरतं आणि दर खेपेला थोडा धक्का देतं. झोपाळ्यावरच्या मुलाला मागून ढकलावं, तसंच. नाव हळूहळू उंच चढते. मधल्या बाकांवर लहान मुलं आयांना बिलगून बसतात, टोकाच्या बाकांवर कॉलेजची पोरं. टोकाला नाव वर जाऊन क्षणभर थांबते आणि उतरायला लागते, तेव्हा बसलेल्याचं शरीर बाकावरून किंचित सुटतं, पोटात गोळा येतो आणि सगळी नाव एकदम ओरडते. लोखंडी दांड्याला घट्ट धरलेल्या मुठी उतरल्यावरही काही वेळ सैल होत नाहीत.

अप्पूघरची खरी ताकद मात्र त्याची जागा होती. ते शहराच्या मधोमध होतं. साध्या घरातला बापसुद्धा सिटी बसने मुलांना घेऊन येऊ शकत होता आणि संध्याकाळी परत नेऊ शकत होता. आणि हीच जागा त्याच्या मुळावर आली. रस्त्यापलीकडे सर्वोच्च न्यायालय. १९५८ मध्ये न्यायालय या इमारतीत आलं, तेव्हाच्या मानाने ती ऐसपैस होती, पण खटले, वकील, दप्तरं वाढत गेली आणि जागा पुरेना. दिल्ली मेट्रोचा मार्गही इथूनच गेला, प्रगती मैदानाचं स्थानक २००६ मध्ये सुरू झालं. शहराच्या मध्यातल्या जमिनीला भाव आणि मागणी दोन्ही आली. भाडेपट्ट्याचा वाद झाला, जमीन न्यायालयाच्या विस्तारासाठी द्यायचं ठरलं आणि १७ फेब्रुवारी २००८ रोजी, रविवारी, अप्पूघर बंद झालं.

न्यायालयाची गरज खोटी होती, असं मी म्हणणार नाही. पण एवढ्या वर्षांत लाखो मुलं जिथे वाढली, त्या जागेला सरकारी कागदावर एका संपत आलेल्या भाडेपट्ट्यापलीकडे काहीच ओळख नसावी, हे मला खटकतं. इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळू शकतं, झाडाला मिळू शकतं. झोपाळ्यांच्या जागेला तसं काही मिळत नाही. मालकांनी हेच नाव पुढे गुरुग्रामच्या सेक्टर २९ मध्ये नेलं, तिथे पाण्याचं उद्यान झालं. पण तिथे कनॉट प्लेसहून सिटी बसने सहज जाता येईल, असं ते अप्पूघर नव्हतं.

रिकाम्या झालेल्या जागेवर न्यायालयाचं नवं संकुल उभं राहिलं. राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी १७ जुलै २०१९ रोजी त्याचं उद्घाटन केलं. ते जुन्या इमारतीला भुयारी मार्गांनी जोडलेलं आहे. जवळच्या मेट्रो स्थानकाचं 'प्रगती मैदान' हे नावही बदलून 'सुप्रीम कोर्ट' झालं. प्रगती मैदानाचंही तेच झालं. वास्तुविशारद राज रेवाल यांनी १९७२च्या प्रदर्शनासाठी रचलेला 'हॉल ऑफ नेशन्स' एप्रिल २०१७ मध्ये रात्रीतून पाडला गेला आणि २०२३ मध्ये तिथे भारत मंडपम आलं. याच रेवाल यांनी एशियाडचं खेलगावही रचलं होतं.

आणि खरा अप्पू? कुट्टिनारायणन स्पर्धेनंतर गुरुवायूरला परतला. पायाच्या दुखापतीने पुढे तो हैराण झाला आणि २००५ मध्ये गेला. त्याच्या नावाचं घर त्यानंतर तीन वर्षांनी बंद झालं. त्याने ते कधी पाहिलं असेल, असं वाटत नाही.

एशियाडच्या गाड्या जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने जाताना निगडीवरूनच जात. दिल्लीतल्या एकाच स्पर्धेची दोन नावं, एक गाडीचं आणि एक बागेचं, या रस्त्यावर एकमेकांना भेटत राहिली. आता निमआरामला 'हिरकणी' म्हणतात, तरी वयस्कर माणूस अजून 'एशियाड कधी आहे?' असंच विचारतो. आणि निगडीत कंडक्टर दाराशी येऊन दोन टोले देतो आणि ओरडतो, "चला, अप्पूघरवाले!"