‘अ’ जीवनसत्त्व: डोळ्यांत दिसते, सर्वांगात राबते

भर उन्हातून अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू खुर्चीची कड, दाराची चौकट उमटू लागते. त्या वेळी दृष्टिपटलातील, मंद प्रकाशात पाहू देणाऱ्या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुन्हा तयार होत असते. ऑप्सिन हे प्रथिन आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले रेटिनल यांच्या जोडणीतून ते घडते. प्रकाश पडताच रेटिनलचा वाकलेला रेणू सरळ होतो आणि तेवढ्याने मेंदूकडे जाणारा संदेश सुरू होतो. हे रसायन उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

जीवनसत्त्व कमी पडले की रंगद्रव्य पुरेसे बनत नाही आणि रातांधळेपणा येतो. दिवसभर हुंदडणारे मूल तिन्हीसांजेला अडखळू लागते, चाचपडत चालते किंवा एका जागी बसून राहते. पुढे बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसतात, त्यांना बिटॉटचे डाग म्हणतात. तरीही उपचार झाले नाहीत, तर डोळ्याचा पारदर्शक पडदा मऊ पडून विरघळतो आणि दृष्टी कायमची जाते.

मात्र या जीवनसत्त्वाला केवळ डोळ्यांचे मानणे मला अपुरे वाटते. त्यापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल पेशीकेंद्रात शिरून कोणती जनुके चालू राहावीत हे ठरवते, आणि श्वासनलिका, आतडे, मूत्रमार्ग यांची ओलसर अस्तरे त्यामुळेच टिकून राहतात. ते नसेल तर श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी घटतात, अस्तर कोरडे व खरखरीत होते आणि जंतूंना वाट मिळते. नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सॉमर यांच्या चमूला इंडोनेशियात आढळले, की डोळ्यांची सौम्य लक्षणे असलेली मुलेही इतरांपेक्षा अधिक संख्येने दगावत होती. तेथील आचे प्रांतात मुलांना या जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाला. गोवर झालेल्या मुलाला आजही हे जीवनसत्त्व देतात, ते याच जाणिवेतून.

हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळते, म्हणून आहारात थोडे तेल-तूप असल्याशिवाय ते नीट शोषले जात नाही. जादाचा साठा मुख्यतः यकृतात राहतो. लघवीवाटे तो सहज निघून जात नसल्यामुळे गोळ्यांचा अतिरेक घातक ठरतो. गरोदरपणात तर त्यामुळे गर्भात जन्मजात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊच नयेत. गाजर आणि गडद हिरव्या पालेभाज्यांतील बीटा-कॅरोटीनची गोष्ट वेगळी आहे. शरीर त्याचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर गरजेपुरतेच करते. फार गाजरे खाल्ली तर तळहात पिवळसर दिसतात, पण डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो, आणि कावीळ नसल्याची ती साधी खूण असते.